पाचशे बेचाळीस

सरकारी नकाशात त्याला नाव नाही.
एक टिंब आहे, शेजारी आकडा : पाचशे बेचाळीस.
तेवढ्यावर भागतं त्यांचं.

आंबेमाळात म्हणतात बसकी,
कारण तिथून तो दिसतो
गवताचा भारा उतरवून
गुडघ्यात मान घालून बसलेल्या बाईसारखा.
दांडवाडीत वशिंड.
दांडवाडीला बैल दिसतो, बाई दिसत नाही,
मी बोट दाखवून समजावलं तरी.
काथोडवाडीतल्या पोरांना विचारलं तर म्हणाली,
डोंगूर.
दुसरा कुठला हाय इथं, नर्सबाई?

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मी त्याला वळसा घालते.
टोकावड्याहून फाट्यापर्यंत जीप, पुढे पायी,
खांद्याला निळा डबा, डब्यात बर्फाच्या चार थैल्या,
मध्ये गोवर, पोलिओ, घटसर्प.
बर्फाचं पाणी व्हायच्या आत पाडे उरकायचे,
आणि चैतात ऊन सहालाच उठून बसलेलं असतं.

मोहाखाली बाया फुलं वेचतात.
पाटीला टेकवलेलं पोर मी उचलते, सुई टोचते,
ते डोंगराला ऐकू जाईल असं रडतं.
रजिस्टरच्या पानाला फूल चिकटतं
आणि आंबेमाळचा वास
दांडवाडीपर्यंत माझ्याबरोबर येतो.

पारी आंबेमाळची. दांडवाडीत दिली.
डोंगरावरून दीड तास,
रस्त्यानं सव्वीस किलोमीटर आणि दोन जीपा.
पहिल्या तपासणीला मला म्हणाली,
बाई, इथं दिवस चुकतो.
माहेरी तो डोंगरामागून यायचा,
शेण, पाणी, भाकरी उरकल्यावर, दमानं.
इथं उजाडताच तोंडावर येतो
नि सांजचा डोंगराआड पळतो,
चूल पेटायच्या आत.
मी लिहिलं : हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन.
दिवसासाठी रकाना नाही.

रेंज एकाही पाड्यात नाही.
ती माथ्यावर, वाघदेवाच्या दगडापाशी,
तीसुद्धा शेंदराला पाठ लावून उभं राहिलं तर.

सातवा लागला तेव्हा पारी फोन घेऊन वर चढली.
चढू नको, असं मी दोनदा सांगितलं होतं.
त्याच दिवशी तिकडून चांगुणा चढली, तिची आई,
पोरीला काय खावंसं वाटतं ते विचारायला.
पारीनं नंबर लावला. लागला.
आये, आज तुझा आवाज लई साफ येतोय.
तुझाबी. कुठं हायस?
देवापाशी. तू?
मग दगडाच्या दोन्ही बाजूंनी
थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

हे पारीचं सांगणं.
चांगुणा म्हणते, फोनबिन काही लागला नव्हता,
मी तिचा खोकला ओळखला.

एवढं मात्र दोघींचं जुळतं :
चांगुणाच्या कमरेला नाचणीची एक भाकरी होती,
ती दोघींनी खाल्ली, चटणीशिवाय.
पारीनं खाली बोट करून दाखवलं,
ती निळी ताडपत्री हाय ना, ते माझं.
चांगुणा लग्नाला दांडवाडीत आली होती, पण रात्री,
जीपच्या मागच्या फळीवर, डोळ्यांत धूळ.
आता तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली,
एवढंच का?
घराला म्हणाली की अंतराला,
ते पारीनं विचारलं नाही.

काल शेवटच्या पाड्यात पोचले तोवर
थैल्यांत नुसतं पाणी हलत होतं.
पारी ओट्यावर पाय पसरून बसलेली.
मी कार्ड काढलं.
बाळंतपण कुठं?
माहेरी.
कशी जाशील?

तिनं मान वर केली.
वशिंडावर पळस पेटलेला,
तिथून खाली येणारी पायवाट
गवताच्या भांगासारखी, अगदी सरळ.

मी लिहिलं : जीप.